आधी हातात काम, मग मॅनेजरचं नाव



निकालाचा हंगाम आला की आपल्या भोई-कोळी-अंबिगर घरांतून एकच चर्चा ऐकायला येते. पोराला पुढं काय करायचं? पूर्वी तीनच उत्तरं असायची : मिलिटरी, पोलीस भरती, नाहीतर आयटीआय करून कागल एमआयडीसी. आता चौथं उत्तर ऐकायला यायलंय. प्रोजेक्ट मॅनेजमेंट. मोबाईलवर जाहिरात येते, कोट घातलेला माणूस हसतोय, खाली लिहिलेलं असतंय, "चार दिवसांत सर्टिफिकेट, नोकरीची हमी." पोरगं म्हणतंय, बाबा, फी भरा. आणि बाप नव्या जाळ्यासाठी नाहीतर होडीच्या डागडुजीसाठी ठेवलेल्या पैशाकडं बघतोय.

म्हणून हे लिहितोय. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. प्रोजेक्ट मॅनेजर होणं ही चांगली वाट आहे, आपल्या पोरा-पोरींनी धरावी अशी आहे. पण त्या वाटेचं दार कोर्समधून उघडत नाही, कामातून उघडतं. आणि ते पहिलं काम देण्याची ताकद आपल्या सोसायटीच्या हातात आहे. आपण ती वापरत नाही, हे माझं खरं दुखणं आहे.

आधी शब्द समजून घेऊ. हिडकलचं धरण बांधणं हा प्रोजेक्ट. त्याच धरणातून वर्षानुवर्षं पाणी सोडणं हे रोजचं काम. रोज पहाटे जाळी काढणं, मासळी वजन करून बाजारात पाठवणं, हे रोजचं काम. पण धरणात पिंजरे बसवणं, नवी होडी बांधून घेणं, बर्फाचं कोठार उभं करणं, हे प्रोजेक्ट. ज्याला सुरुवात आहे, शेवट आहे, ठरलेला पैसा आहे, आणि जे एकदाच करायचं आहे, ते सगळं प्रोजेक्ट. ते वेळेत, पैशात आणि सांगितल्याप्रमाणे पुरं करून देणारा माणूस म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर. एवढंच.

आता आपलंच उदाहरण घ्या. धरणात मत्स्यबीज सोडायचं आहे. कटला, रोहू, मृगळ. बारीक बीज सोडलं तर मरळीच्या पोटात जाणार, म्हणून बोटाएवढी बोटुकली पाहिजे. जिऱ्यापासून बोटुकली तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. म्हणजे पावसाचं पाणी भरल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात सोडायचं असेल तर संगोपनाचं तळं मे महिन्यातच साफ करून, चुना मारून, शेणखत टाकून तयार पाहिजे. जिऱ्याची ऑर्डर त्याच्याही आधी. ऑक्सिजनच्या पिशव्या, गाडी, पहाटेची वेळ, पिशव्या थोडा वेळ पाण्यावर तरंगत ठेवून मग तोंड उघडायचं, ही शेवटची कामं.

यात एक गोष्ट बघा. गाडी एक दिवस उशिरा ठरली तर फोनाफोनी करून भागतं. पण तळं पंधरा दिवस उशिरा तयार झालं तर सगळं पंधरा दिवस मागं जातं, आणि ते दिवस कुणी भरून देत नाही. कोणत्या कामाचा उशीर चालतो आणि कोणत्या कामाचा चालत नाही, हे ओळखणं हाच या धंद्याचा गाभा आहे. १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ नावाच्या केमिकल कंपनीनं आणि तिथल्या नौदलानं याचीच गणिताची पद्धत बसवली. आज इंजिनिअरिंगच्या पोरांना ती 'क्रिटिकल पाथ' आणि 'पर्ट' या नावानं शिकवतात. आपल्या जुन्या माणसांना नाव माहीत नव्हतं, पण तळं आधी आणि गाडी नंतर हे माहीत होतं.

पण लगेच छाती फुगवून घ्यायला नको. "आम्हाला सगळं येतंय, शिकायचं काय त्यात?" असं म्हणणारी मंडळी आपल्यात आहेत. येतं ते निम्मं. उरलेलं निम्मं येत नाही, ते असं :

एक, आपण लिहून ठेवत नाही. सगळं डोक्यात. जाणता माणूस गेला की त्याच्याबरोबर सगळा हिशेब जातो.

दोन, आपण खर्च अंदाजानं धरतो. "एक-दोन लाख जातील" म्हणतो. एक आणि दोन यात एका लाखाचं अंतर आहे, मंडळी.

तीन, वाईट बातमी आपण शेवटच्या दिवशी सांगतो. माल येणार नाही हे आठ दिवस आधी कळलेलं असतं, पण "बघू, येईल" म्हणत बसतो. चांगला मॅनेजर वाईट बातमी पहिल्या दिवशी सांगतो, म्हणजे दुसरी सोय करायला वेळ मिळतो.

हे तिन्ही शिकता येतं. आणि शिकलेल्या माणसाला पगार मिळतो. कुठं मिळतो, ते आपल्या भागापुरतं बघू.

बांधकाम आणि रस्ते. सगळ्यात रुळलेली वाट. सिव्हिलचा डिप्लोमा नाहीतर बी. ई. करायचं, साइटवर सुपरवायझर म्हणून उन्हात उभं राहायचं, मोजमापं घ्यायची, बिलं काढायला शिकायचं. त्यानंतर प्लॅनिंग इंजिनिअर. तो कॉम्प्युटरवर प्रिमावेरा नाहीतर एमएस प्रोजेक्ट या सॉफ्टवेअरमध्ये कामाचं वेळापत्रक बसवतो आणि दर आठवड्याला किती काम झालं ते मांडतो. तिथून प्रोजेक्ट इंजिनिअर, मग मॅनेजर. यात दहा-बारा वर्षं सहज जातात. याचंच पुढचं शिक्षण घ्यायचं असेल तर १९८३ मध्ये स्थापन झालेली निकमार ही संस्था पुण्यात आहे. पण माझं म्हणणं, दोन-तीन वर्षं साइट बघून मग तिकडं जावं. सिमेंटचा हात लागलेल्या पोराला तिथलं शिकवलेलं लवकर कळतं.

कारखाने. बेळगावच्या उद्यमबागेत आणि मच्छेला फाउंड्र्या आहेत. हत्तरगीला एकस कंपनीच्या वसाहतीत विमानांचे सुटे भाग बनतात. कागल, गोकुळ शिरगाव आपल्या निपाणीपासून रोज जाऊन-येऊन करण्यासारखं. तिथं नवा भाग बनवायचा असतो तेव्हा पॅटर्न, पहिला नमुना, तपासणी, गिऱ्हाइकाची मंजुरी, मग उत्पादन, अशी साखळी असते. ही साखळी सांभाळणारा विभाग असतो, त्याला डेव्हलपमेंट विभाग म्हणतात. आयटीआय-डिप्लोमावालं पोरगं मशीनवर तीन-चार वर्षं काढून या विभागात शिरलं की प्रोजेक्टच्या वाटेला लागलं समजा.

साखर कारखाने. संकेश्वरचा हिरण्यकेशी, निपाणीचा हालसिद्धनाथ, आपल्या अंगणातले. गळीत हंगाम हे रोजचं काम. पण हंगाम संपल्यावर सगळी यंत्रं खोलून, दुरुस्त करून, पुन्हा जोडून पुढच्या मोळीपूजनाआधी तयार ठेवणं, हा दरवर्षीचा प्रोजेक्ट. इथेनॉलचा प्लांट, वीजनिर्मिती, क्षमता वाढवणं, हे त्याहून मोठे. ज्यानं दोन-तीन ऑफ सीझन नीट सांभाळले त्याला बाहेरचे कारखाने बोलावतात.

आयटी. पुणे, बंगळूर. इथं आधी प्रोग्रॅमर नाहीतर टेस्टर, मग टीम लीड, मग मॅनेजर. नुसतं 'स्क्रम मास्टर' सर्टिफिकेट घेऊन ओळीत उभी राहिलेली पोरं बरीच आहेत. ज्याला कामच माहीत नाही त्याच्या हाताखाली कोण काम करणार?

आरोग्य आणि समाजकार्य. हे खास पोरींसाठी सांगतोय, कारण याची चर्चा होत नाही. बेळगावच्या जेएनएमसी मेडिकल कॉलेजात माता-बालआरोग्यावर परदेशी संस्थांबरोबर वर्षानुवर्षं संशोधन चालतं. असल्या कामाला गावोगाव फिरून नोंदी घेणारी, त्या नोंदी तपासणारी, टीम सांभाळणारी माणसं लागतात. नर्सिंग नाहीतर एमएसडब्ल्यू केलेली मुलगी फील्डवर सुरुवात करते, मग सुपरवायझर, मग कोऑर्डिनेटर. पाणलोट, पाणीपुरवठा, बचतगट यांच्या प्रकल्पांतही हीच शिडी आहे. आपल्या बायका पाट्या घेऊन बाजारात बसतात, कुणाची किती उधारी हे तोंडपाठ ठेवतात. त्यांच्या लेकींना हे काम जड जाणार नाही.

कागदपत्रं. बी. ए., बी. कॉम. झालेल्यांसाठी. मोठ्या साइटवर नकाशे, पत्रं, मंजुऱ्या यांचा ढीग असतो. तो सांभाळणाऱ्याला डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणतात. आखाती देशांतल्या साइटवरही ही जागा असते. हातात हत्यार न धरता प्रोजेक्टमध्ये शिरायची ही एक वाट आहे.

बघा, प्रत्येक वाटेत एक गोष्ट सारखी आहे. आधी एखादा धंदा हाताला लागतो, मॅनेजर नंतर होतो.

मोठं उदाहरण द्यायचं तर ई. श्रीधरन. कोकण रेल्वे आणि दिल्ली मेट्रोवाले म्हणून सगळे ओळखतात. पण १९५४ मध्ये ते रेल्वेत साधे असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले होते. दहा वर्षं रुळावर काढल्यावर, डिसेंबर १९६४ च्या वादळात रामेश्वरचा पांबन पूल वाहून गेला तेव्हा दुरुस्तीचं काम त्यांच्याकडं आलं. मुदत तीन महिन्यांची होती. समुद्रात पडलेले गर्डर शोधून वर काढले, तेच परत बसवले आणि ४६ दिवसांत पूल चालू केला. कोकण रेल्वे त्यानंतर पंचवीस वर्षांनी. १९९० मध्ये महामंडळ झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर गाडी धावली. सह्याद्रीचे डोंगर, बोगदे, खाड्या, सगळं ओलांडून. आज लोक १९९८ बघतात, १९५४ कुणी बघत नाही.

आता सर्टिफिकेटचं. या क्षेत्रात जगभर मान असलेलं सर्टिफिकेट म्हणजे पीएमपी. ते अमेरिकेतली पीएमआय ही संस्था देते, १९६९ मध्ये स्थापन झालेली. पण त्या परीक्षेला बसायलाच अनुभव लागतो. चार वर्षांची डिग्री असेल तरी साधारण तीन वर्षं प्रोजेक्टचं काम केलेलं पाहिजे, नुसती बारावी असेल तर पाच वर्षं. वर ३५ तासांचं शिक्षण. म्हणजे कॉलेजातून कालच बाहेर पडलेल्या पोराला कुणी "चार दिवसांत पीएमपी" म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय, एवढं लक्षात ठेवा. नवशिक्यांसाठी त्याच संस्थेचं कॅपम नावाचं छोटं सर्टिफिकेट आहे, त्याला अनुभव लागत नाही. आणि नुसतं शिकायचंच असेल तर सरकारच्या एनपीटीईएलवर आयआयटीच्या मास्तरांचे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचे धडे फुकट आहेत. परीक्षा द्यायची असेल तरच फी. आधी ते बघा, पोराला गोडी लागते का पारखा, मग खिशात हात घाला.

आपल्या भागाची एक जमेची बाजू कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, कामगारांशी हिंदी, कागदावर थोडं इंग्रजी. सीमेवर राहून आपण भाषेवरून लई भांडणं बघितली. पण साइटवर ठेकेदार कोल्हापूरचा, अधिकारी धारवाडचा आणि कामगार बिहारचा असतो, तेव्हा तिघांशी त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस सोन्याचा. काम बंद पडतं ते सिमेंट संपल्यानं कमी आणि माणसं बिथरल्यानं जास्त. बेळगावचा हलगा-मच्छे बायपास बघा. शेतकऱ्यांचा सुपीक जमिनीसाठी विरोध, कोर्टकचेऱ्या, यात किती वर्षं गेली. ज्याची जमीन जाणार त्याच्याशी आधी बोलणं, त्याचं म्हणणं वरपर्यंत पोचवणं, हे वेळापत्रकात कुणी धरतच नाही. धरणाखाली गावं गेलेल्या भागातल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्यावर येतो. सोसायटीनं काय करायचं?

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये आली. २० हजार ५० कोटींची. पिंजरे, बर्फपेटीच्या गाड्या, तळी, बऱ्याच गोष्टींना अनुदान. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. पण अनुदान मागायला प्रस्ताव लागतो. जागेचा कागद, कोटेशन, खर्चाचा तक्ता, मासळी किती निघेल आणि पैसा कसा फिरेल याचा हिशेब. हा प्रस्ताव आपल्यातलं कोण लिहितं? बहुतेक ठिकाणी बाहेरचा एजंट. तो पैसे घेतो ते घेतो, वर दुसऱ्या गावच्या प्रस्तावातले आकडे आपल्या कागदावर उतरवतो. पाण्याची खोली वेगळी, बाजार वेगळा, आकडे मात्र तेच. मग कागद परत येतो, नाहीतर मंजूर होऊन काम फसतं. आणि अनुदान हातात पडेपर्यंत अडकलेला पैसा आपला असतो, एजंटचा नाही.

तोच प्रकार पुराचा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं. पंचनाम्याच्या वेळी कुणाची किती जाळी, होडी कधीची, बिल कुठं, हे सांगताना किती जणांची तारांबळ उडते? मे महिन्यातच होड्या-जाळ्यांची फोटोसकट यादी, बिलांच्या झेरॉक्स, होड्या कुठं बांधायच्या, दोर कुणाकडं, रात्री फोन कुणाला, एवढं दोन पानांवर लिहून ठेवलं तर? मोठ्या कंपन्या यालाच जोखीम-नियोजन म्हणतात आणि त्यासाठी माणूस ठेवतात.

म्हणून माझी सूचना अशी. दरवर्षी सभासदांच्या घरातली दोन मुलं निवडा, त्यात एक मुलगी पाहिजेच. सहा महिने, थोडं मानधन आणि येण्या-जाण्याचा खर्च. त्यांच्याकडं एकच ठरलेलं काम द्या. यंदाचं बीज सोडण्याचं काम जिऱ्याच्या ऑर्डरपासून नोंदवहीपर्यंत, किंवा एक प्रस्ताव, किंवा पुराची यादी. जुन्या माणसांनी सांगायचं, पोरांनी लिहायचं. दर पंधरवड्याला संचालकांपुढं सांगायचं : काय झालं, काय राहिलं, पैसा किती गेला, अडचण काय. शेवटी सोसायटीच्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र द्या, पण खरं. जेवढं केलं तेवढंच लिहा.

त्या पत्राची किंमत जाहिरातीतल्या सर्टिफिकेटपेक्षा जास्त आहे. मुलाखतीत "तुम्ही काय केलंय?" विचारल्यावर ते पोरगं सांगू शकेल : एवढं बीज आणलं, एवढं मेलं, का मेलं, पुढच्या वर्षी काय बदललं. असं बोलणाऱ्याला कुणी दारातून परत पाठवत नाही.

काही जण म्हणतील, "शिकवून काय उपयोग? शिकली की पुण्याला पळतात." पळू देत की. हक्कानं जावं पोटासाठी. पण दोघांतला एक गेला तरी सहा महिन्यांची नोंदवही सोसायटीत राहते, आणि पुढचे दोघे तिथून सुरू करतात. आज तर असं आहे की पोरंही जातात आणि मागं नोंदही राहत नाही.

दुसरे म्हणतील, "पोरांच्या हातात सोसायटीचा पैसा?" पैसा नाही द्यायचा, हिशेब द्यायचा. सह्या संचालकांच्याच. उलट, दर पंधरवड्याला कुणीतरी खर्च मोठ्यानं वाचून दाखवणार म्हटल्यावर आपल्या सगळ्यांनाच थोडी शिस्त लागेल. ती काहींना टोचेल, हेही मला माहीत आहे.

येत्या वार्षिक सभेत हा ठराव मांडायचा माझा विचार आहे. पाठिंबा असेल तर खाली लिहा, विरोध असेल तर कारणासकट लिहा. आणि तुमच्या घरातलं कुणी साइटवर, कारखान्यात, दवाखान्यात नाहीतर आखातात असलं काम करत असेल, तर त्याला हे वाचायला पाठवा आणि इथं चार ओळी लिहायला सांगा. आपल्या पोरांना जाहिरातीतल्या कोटवाल्यापेक्षा त्याचं ऐकलेलं बरं.

तोपर्यंत एकच विनंती. फी भरायच्या आधी पोराला विचारा, "तू आजवर एखादं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः पुरं केलंयस का?" नसेल, तर आधी ते द्या.